ऐतिहासिक वास्तूंच्या छायाचित्रांसाठी प्रमाण कीवर्ड : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ऐतिहासिक वास्तूंच्या छायाचित्रांना सुचतील ते कीवर्ड देण्याऐवजी गेले काही महिने मी अमेरिकेतील गेटी या कलासंस्थेचा ‘आर्ट अँड आर्किटेक्चर थिसॉरस’ हा कला आणि वास्तुकलेतील संज्ञांचा प्रमाण कोश वापरत आहे. ही शब्दावली २०१४ पासून खुल्या परवान्याखाली उपलब्ध असून तिच्यातील प्रत्येक संकल्पनेला ३०० ने सुरू होणारा नऊ अंकी क्रमांक असतो. माझ्या मते तिचे खरे मोल या क्रमांकातच आहे. एकाच बांधकामाला कोणी ‘दरवाजा’ म्हटले, कोणी ‘महाद्वार’ आणि कोणी ‘प्रवेशद्वार’, तरी हे सगळे शब्द त्या एका क्रमांकाशी पर्याय म्हणून जोडून ठेवले, की कशानेही शोधले तरी तीच छायाचित्रे हाती लागतात. मराठी पर्याय मात्र आपले आपणच ठरवावे लागले आणि सर्वांत जास्त वेळ त्यातच गेला.

या शब्दावलीत इमारतींचे प्रकार एका शाखेत, कमानी आणि खांब यांसारखे घटक दुसऱ्या शाखेत आणि दगड, वीट, चुना ही साहित्ये तिसरीकडेच आहेत. त्यामुळे एका साध्या छायाचित्रासाठीही तीन ठिकाणी शोधाशोध करावी लागते आणि सुरुवातीला हे काम कंटाळवाणे वाटते. पण ‘विटांच्या कमानी असलेले पूल’ असा नेमका शोध घेता येतो तो याच विभागणीमुळे. कीवर्ड नेहमी जास्तीत जास्त नेमका द्यावा आणि त्यावरची व्यापक संज्ञा सॉफ्टवेअरने आपोआप जोडावी, ही व्यवस्था असेल तरच याचा उपयोग होतो. ‘घंटाघर’ असा कीवर्ड दिलेले छायाचित्र ‘मनोरे’ शोधताना दिसत नसेल, तर सगळी उतरंड केवळ कागदावरच राहते.

शब्दावली एक गोष्ट ठरवून देत नाही : छायाचित्रातल्या कशाकशाची नोंद करायची. तटबंदीच्या छायाचित्रात मागे दूरवर, धूसर असा मनोरा दिसत असेल, तर त्याला कीवर्ड द्यावा का? मी देत नाही. मनोऱ्याचा अभ्यास करणाऱ्याला जे छायाचित्र उघडून काहीच मिळणार नाही, ते त्याच्या यादीत येऊ नये, एवढी एकच कसोटी मी लावतो. एकाहून अधिक माणसे काम करणार असतील, तर असे नियम आधीच लिहून ठेवावेत, कारण तोंडी ठरलेले नियम प्रत्येकाच्या हातात थोडे बदलतात.

स्थळाच्या बाबतीत आयपीटीसी या, छायाचित्राच्या फाइलमध्येच त्याची माहिती नोंदवण्याच्या मानकाची मोठी मदत होते. छायाचित्र जिथून टिपले ते ठिकाण आणि छायाचित्रात दिसते ते ठिकाण यांसाठी त्यात स्वतंत्र रकाने आहेत. समोरच्या डोंगरावरून टिपलेल्या किल्ल्याच्या बाबतीत हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. काळाचेही तसेच आहे. बांधकामाचे शतक वास्तूच्या नोंदीत आणि टिपल्याची तारीख छायाचित्राच्या नोंदीत, अशी फारकत व्हीआरए कोअर या, कलाकृती-वास्तू आणि त्यांच्या प्रतिमांच्या नोंदींसाठीच्या मानकात मुळातच केलेली आहे आणि ती पाळलेली बरी.

देवनागरीत कीवर्ड देणाऱ्यांना मात्र एक अडचण हमखास भेडसावते. आयपीटीसीच्या जुन्या, आयआयएम स्वरूपात एका कीवर्डला ६४ बाइटची मर्यादा आहे, तर यूटीएफ-८ या संगणकीय अक्षरसंकेतात देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्हाला, अगदी काना-मात्रेला आणि हलन्तालाही, तीन बाइट लागतात. ‘पुरातत्त्वीय उत्खननस्थळ’ हा कीवर्ड ६७ बाइटचा होतो. मर्यादा काटेकोरपणे पाळणारे सॉफ्टवेअर शेवटचा ‘ळ’ छाटून टाकते आणि मग तो कीवर्ड ना यादीतल्या शब्दाशी जुळतो, ना शोधात सापडतो. एक्सएमपी या नव्या स्वरूपात ही मर्यादा नाही. म्हणून मी कीवर्ड तिथेच लिहितो आणि दोन्हीकडे लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरची आधी एखाद्या लांब कीवर्डवर चाचणी घेतो.