सुई न टोचता मिळालेलं कार्ड

नऊ वर्षं आयसीयूत काढलेल्या नर्सला कुणी असं गंडवावं, हे सांगायचीही लाज वाटते. पण परवा आमच्या बॅचच्या ग्रुपवर तोच मेसेज पुन्हा फिरताना दिसला, म्हणून लिहितेय.

'युगांडात तीन महिने आरोग्यसेवा, राहणं-जेवण मोफत, अनुभवाचं सर्टिफिकेट.' नाशिकला कॉलेज रोडवर एका गाळ्यात ऑफिस. माणूस गोडबोल्या, वाक्यागणिक 'सिस्टर'. आधी नोंदणीचे 2,500, मग 'प्लेसमेंट'चे 45,000. परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटाचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर असावं लागतं आणि 30,000 रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त त्याला घेता येत नाहीत, हे मला ठाऊक होतं. विचारलंही. तर म्हणाला, "सिस्टर, ही नोकरी कुठंय? सेवा आहे. सेवेला कसलं लायसन्स?" मीच ओशाळले. पावतीसुद्धा मागितली नाही.

युगांडात काम करायला तिथल्या नर्सिंग कौन्सिलची परवानगी लागते. यानं माझं महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशनही बघितलं नाही. इथं दहा खाटांच्या दवाखान्यातही ते पहिल्या दिवशी मागतात!

मग निघाला पिवळ्या तापाच्या (यलो फीव्हर) लसीचा विषय. युगांडात शिरायला त्या लसीचं कार्ड लागतं. "4,000 द्या, कार्ड घरपोच. टोचून घ्यायची गरज नाही." ही लस सरकारमान्य केंद्रावरच मिळते आणि टोचल्यावर 10 दिवसांनी कार्ड ग्राह्य धरतात. रोज व्हायलवरचा बॅच नंबर वाचणारी मी, पण केंद्रावरची एक खेप टळतेय म्हणून पैसे पाठवले.

तिकिटाच्या आठवड्यात फोन बंद, गाळ्याला कुलूप. शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला, "ताई, तुम्ही सातव्या." 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लगेच केला असता तर पैसे खात्यातच गोठवता आले असते कदाचित. मी घरी काय सांगू या विचारात अकरा दिवस घालवले.

नंतर चौकशी केली. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' अर्जाचा एक रुपया घेत नाही, उलट नर्सला पगार देते. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवकांनाही निर्वाहभत्ता मिळतो. हे आधी बघायला पाच मिनिटं लागली असती.

ते पिवळं कार्ड कपाटात आहे. त्यावर लस दिल्याची तारीख आहे, वेळही आहे, रात्री साडेनऊ. त्या रात्री मी वॉर्डात हँडओव्हर घेत होते. मस्टरवर सही आहे माझी.