कुत्र्यांच्या डोक्यात काय चालतं हे सोशल मीडियावरून कळतं का? माझे तीन स्टार

कळतं, पण फीडच्या भरवशावर राहिलात तर नाही. तीन स्टार देतोय, आणि ते तिन्ही कुत्र्यांवर संशोधन करणाऱ्या लॅबच्या स्वतःच्या अकाउंट्सना आहेत, रील्सना एकही नाही.

बुडापेस्टच्या ओत्वोश लोरांद युनिव्हर्सिटीचा फॅमिली डॉग प्रोजेक्ट आहे ना, 1994 पासून चालू असलेला, तो आधी फॉलो करा. 2020 मध्ये त्यांनी जिनियस डॉग चॅलेंज चक्क लाइव्ह दाखवलं होतं, वेगवेगळ्या देशांतली सहा बॉर्डर कॉली जातीची कुत्री, खेळण्यांची नावं ओळखणारी, त्यांना आधी एका आठवड्यात 6 आणि मग दुसऱ्या एका आठवड्यात 12 नवी नावं शिकायची होती. खेळणी दुसऱ्या खोलीत ठेवायची, मालक इकडून नाव घेणार आणि कुत्रं जाऊन तेच उचलून आणणार, म्हणजे मालकाच्या नजरेवरून अंदाज बांधायचा चान्सच नाही. एवढी साधी गोष्ट, पण व्हायरल व्हिडिओत ती कधीच नसते, तिथे मालक खेळण्याकडे टक लावून बघत असतो आणि खाली कमेंट्स, किती हुशार बाळ! नंतर याच टीमने सोशल मीडियावर हाक देऊन पाच वर्षांत 9 देशांतली अशी 41 कुत्री गोळा केली, आणि त्यात पॉमेरेनियन, शिह त्झू, मिक्स ब्रीडवालीही निघाली. हे लॅबमध्ये बसून जमलंच नसतं, इथे सोशल मीडियाला मनापासून दाद.

आता वैताग. दोन-चार डॉग व्हिडिओ लाइक केले की अल्गोरिदम सरळ 'गिल्टी डॉग'च्या ढिगाऱ्यात नेऊन टाकतो. फाटलेली उशी, कान पाडून बसलेलं कुत्रं, वर रडकं म्युझिक. अहो, कुत्र्यांच्या वागण्यावर संशोधन करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झने 2009 मध्येच हे तपासलंय, कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही याची मालकाला मुद्दाम खोटी माहिती दिली, तर तो चेहरा चूक केल्यावर नाही, मालक ओरडल्यावर दिसायचा, आणि काही न करता ओरडा खाल्लेली कुत्री उलट जास्तच 'गिल्टी' दिसली. पण ही पोस्ट कोण शेअर करणार.

बटणं दाबून 'बोलणाऱ्या' कुत्र्यांचं, म्हणजे बटण दाबलं की त्यात रेकॉर्ड केलेला शब्द ऐकू येतो तसल्या, मात्र अर्धंमुर्धं आहे. फेदेरिको रोसानो या संशोधकाच्या टीमचा 2024 चा पेपर म्हणतो की 'खेळ' आणि 'बाहेर' अशा शब्दांना ही कुत्री बरोबर रिस्पॉन्स देतात, शब्द माणसाने तोंडाने म्हटला काय किंवा बटणातून आला काय, दाबणारा मालक असो की अनोळखी. म्हणजे शब्द कळतात, एवढंच. कुत्रं स्वतः बटणं जोडून वाक्य बनवतं हे त्यातून सिद्ध होत नाही, पण कॅप्शन लिहिणाऱ्यांना तेवढा दम कुठला.

आणि कमेंटमध्ये 'आमचा हजार शब्द ओळखतो' लिहिणारे पण भेटतील. चेसर नावाच्या बॉर्डर कॉलीला 1022 नावं यायची, पण त्यामागे एका रिटायर्ड सायकॉलॉजी प्रोफेसरची तीन वर्षांची रोजची मेहनत होती.

लॅबवाले पोस्ट कमी टाकतात, हीच त्यांच्याबद्दलची माझी तक्रार. पण बरेचदा पेपरची लिंक देतात, बटणांचा आणि त्या 41 कुत्र्यांचा, दोन्ही पेपर फुकट वाचता येतात, आणि प्रयोग कसा केला तो भाग रीलपेक्षा जास्त मजेशीर असतो.