मुंबईहून हवाईमार्गे भाजीपाला पाठवताना : एका हंगामाचा अनुभव

गेला पावसाळा सरल्यापासून आम्ही जुन्नर भागातील भेंडी, हिरवी मिरची, शेवगा आणि पालेभाजी मुंबई विमानतळावरून दुबई व लंडनला पाठवत आहोत. पुण्याचे लोहगाव विमानतळ आम्हाला जवळ पडते; पण तेथील धावपट्टी हवाई दलाची असून मोठ्या पोटाची विमाने तिथून नियमित सुटत नाहीत, त्यामुळे माल मुंबईला सहार विमानतळावरच न्यावा लागतो. या काळात चार-पाच विमान कंपन्या वापरून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की किलोमागचा दर हा निवडीचा शेवटचा निकष असावा. त्याआधी विमान कोणते आणि माल मध्ये कुठे उतरणार, हे विचारावे.

विमानाचा प्रकार विचारायचे कारण साधे आहे. बोईंग 737 च्या पोटात कंटेनर बसतच नाही. खोकी सुटी भरली जातात, म्हणजे ट्रॉलीवरून पट्ट्यावर आणि पट्ट्यावरून आत, प्रत्येक टप्प्यावर हाताळली जातात. आखाताकडे जाणारी बरीच उड्डाणे अशाच लहान विमानांची असल्याने दर आकर्षक असतो, परंतु तळाच्या थरातील खोक्यांचे कोपरे दबलेले निघतात आणि कोथिंबिरीला ते सोसत नाही. बोईंग 777 मध्ये माल पॅलेटवर, म्हणजे सपाट तळपाटावर, जाळी बांधून जातो, त्यामुळे तो जसा रचला तसाच उतरतो. एअरबस 380 दिसायला अवाढव्य असले तरी दोन मजल्यांच्या प्रवाशांचे सामानच तळाची बरीच जागा व्यापते, म्हणून मालासाठी 777-300 ईआर अधिक भरवशाचे ठरते.

दुसरा मुद्दा मधल्या विमानतळाचा. एमिरेट्सची मालवाहू विमाने 2014 मध्ये दुबईच्या अल मक्तूम विमानतळावर हलवण्यात आली, प्रवासी विमाने मात्र जुन्या विमानतळावरूनच सुटतात. त्यामुळे माल एका प्रकारच्या विमानातून दुसऱ्या प्रकारात जाणार असेल, तर मध्ये ट्रकचा प्रवास येतो. दोहाला हमाद विमानतळावर दोन्ही प्रकारची विमाने एकाच ठिकाणी असल्याने ही पायरी वाचते. फ्रँकफर्टला 2011 पासून रात्री 11 ते पहाटे 5 या वेळेत नियमित उड्डाणांना बंदी आहे, त्यामुळे संध्याकाळची जोडणी चुकली की पालेभाजीचा एक दिवस गेलाच म्हणून समजावे. लंडनसाठी म्हणूनच आम्ही थेट उड्डाणाला थोडा जास्त दर देतो. हीथ्रोला येणारा बहुतांश माल प्रवासी विमानांच्या पोटातूनच येतो आणि मुंबईहून तशी उड्डाणे रोज आहेत.

आता खर्चाचा हिशेब, कारण नवख्यांचे पैसे इथेच जातात. खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकाराला 6000 ने भागले की आकारमानाचे वजन मिळते. ते आणि प्रत्यक्ष वजन यांपैकी जे जास्त, त्यावर भाडे लागते. आमचे मेथी-कोथिंबिरीचे खोके 50×40×30 चे, म्हणजे हिशेबाने 10 किलोचे, काट्यावर मात्र साडेसहा किलोचे. भेंडीचे खोके 40×30×20 चे, हिशेबाने 4 किलो आणि काट्यावर साडेपाच किलो. पालेभाजीची 20 आणि भेंडीची 40 खोकी वेगवेगळ्या एअरवे बिलांवर (विमानाने जाणाऱ्या मालाच्या पावत्यांवर) पाठवली, तर भाडे 200 आणि 220 मिळून 420 किलोंचे लागते. तीच एका बिलावर घेतली, तर एकूण प्रत्यक्ष वजन 350 आणि आकारमानाचे 360 होते, म्हणजे भाडे 360 किलोंचेच. हे गणित एजंटला पाठ असते. तो आपणहून सांगेलच असे नाही.

एअरवे बिलाचा क्रमांकही नीट पाहावा. पहिले तीन आकडे कंपनीचे असतात, जसे 176 एमिरेट्सचे आणि 157 कतारचे. पुढच्या आठ आकड्यांपैकी पहिल्या सातांना 7 ने भागल्यावर उरणारी बाकी हाच शेवटचा आकडा असतो, त्यामुळे फोनवर घाईत सांगितलेला क्रमांक चुकला असेल तर बहुतेकदा तिथेच कळते.

मोठी तक्रार ऑफलोडची आहे. एका कंपनीने, तिचे नाव घेत नाही, बुकिंग पक्के असूनही सुट्टीच्या गर्दीत प्रवाशांचे सामान वाढल्याचे सांगून आमची निम्मी खोकी मागे ठेवली, आणि ट्रॅकिंगवर मात्र सगळे सुरळीत दिसत होते. तेव्हापासून मी नुसत्या बुकिंगच्या नोंदीवर विसंबत नाही. माल स्वीकारल्याची ‘आरसीएस’ आणि विमान सुटल्याची ‘डीईपी’ या दोन नोंदींसमोरची खोक्यांची संख्या जुळते का ते पाहतो, आणि ती जुळल्यावरच तिकडच्या व्यापाऱ्याला कळवतो.

एप्रिल-मेमध्ये आंबा विमानांतील जागा खातो आणि दर चढतात. त्या दोन महिन्यांत पालेभाजी बंद ठेवून फक्त मिरची आणि शेवगा पाठवायचा, असे आम्ही ठरवले आहे. त्यांना एखादा दिवस उशीर झाला तरी चालतो, आणि काट्यावरचे वजन आकारमानाला पुरते.