बांद्रा फोर्ट : पावसाळ्यात जाताय तर छत्री घरीच ठेवा

परवा आईला घेऊन बांद्रा फोर्टला गेलो, स्टेशन वेस्टवरून रिक्षा केली, एन्ट्री फ्री आहे. एकदम लँड्स एंडच्या टोकावर असल्यामुळे पावसाळ्यात वारा थेट समुद्रावरून अंगावर येतो, आईची छत्री दोन मिनिटांत उलटी झाली आणि दोन काड्या तुटल्या, म्हणून सांगतो विंडचीटर घाला, ओढणी नीट बांधा आणि फोटो काढताना मोबाईल दोन्ही हातांनी धरा. पायऱ्या ओल्या असतात, ग्रिपवाले बूट हवेतच. खालच्या काळ्या खडकांवर मात्र प्लीज उतरू नका, शेवाळ असतं आणि भरतीचं पाणी कधी वर चढतं कळतच नाही, लहान पोरं सोबत असतील तर हात सोडूच नका!

किल्ला पोर्तुगीजांनी १६४० मध्ये बांधला, इथे जहाजांसाठी गोडं पाणी मिळायचं म्हणून त्याचं पोर्तुगीज नाव आग्वाद, म्हणजे पाणी भरायची जागा. आता भिंती थोड्याच उरल्यात, पण समोर २००९ ला सुरू झालेला सी लिंक काय दिसतो, आई कठड्याला धरून अर्धा तास नुसती बघत उभी होती, केस सगळे तोंडावर तरी हलेना. पाणी घरून न्या आणि अंधाराआधी निघा.