बेरीच्या चवीची कॉफी : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेले काही महिने मी सकाळच्या कॉफीसाठी प्रामुख्याने इथिओपियातील गुजी भागाची, नॅचरल प्रक्रियेची, लाइट रोस्ट म्हणजे हलकी भाजलेली अरेबिका वापरत आहे. तिच्या पाकिटावर ‘ब्लूबेरी, स्ट्रॉबेरी जॅम’ असे छापलेले असते, आणि ते वाचून घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो की यात इसेन्स घातला आहे का. तसे काही नसते. नॅचरल प्रक्रियेत कॉफीचे फळ तोडल्यावर त्याचा गर न काढता ते अख्खेच जाळीच्या मंचांवर साधारण दोन ते चार आठवडे उन्हात वाळवले जाते. या काळात गरातील साखर थोडी आंबते, आणि त्यातून तयार होणाऱ्या एस्टरसारख्या सुगंधी द्रव्यांचा अंश बीमध्ये उतरतो. वॉश्ड पद्धतीत गर आधीच काढून बी धुतले जात असल्याने इथिओपियाचीच कॉफी त्या पद्धतीने केली, तर ती लिंबाकडे आणि फुलांच्या वासाकडे झुकते.

तरीही पहिल्या वाफाळत्या घोटात ब्लूबेरी सापडेल, या अपेक्षेने कोणी ही कॉफी घेऊ नये. बेरीपण जिभेवर कमी आणि नाकात अधिक असते. जिभेला फक्त आंबटगोडपणा कळतो, उरलेले काम घोट गिळताना मागून नाकात चढणारा वास करतो. दळल्याबरोबर पुडीचा वास सर्वांत स्पष्ट येतो, मग गरम कॉफीत तो जवळजवळ हरवतो, आणि कप कोमट झाला की फळ पुन्हा वर येते. मला स्वतःला त्यात ब्लूबेरीपेक्षा पिकलेले करवंद आणि तुती जास्त जाणवतात.

पाण्याने जेवढा फरक पडला, तेवढा महागड्या उपकरणांनी पडला नाही. आमच्या इमारतीत टँकरचे जड पाणी येते तेव्हा हीच कॉफी सपक लागते, कारण अशा पाण्यातील बायकार्बोनेट कॉफीतील आम्लांना मारून टाकते, आणि आंबटपणा गेला की त्याच्या आधाराने उभे असलेले फळही जाते. मऊ पाणी, १५ ग्रॅम पूड, सुमारे २४० मिली पाणी, ९३ अंशांच्या आसपासचे तापमान आणि व्ही६० या शंकूच्या आकाराच्या गाळणीत तीन मिनिटे, एवढे जमले की पुरते. दूध घालायचे असेल तर मात्र ही कॉफी घेऊच नये. चिकोरीच्या फिल्टर कॉफीचा आनंद वेगळा आणि तो निम्म्याहून कमी पैशांत मिळतो.

तुलनेसाठी केनियाची वॉश्ड कॉफीही घेतली. तिच्यावर नेहमी लिहिले जाणारे ब्लॅककरंट आपल्यापैकी बहुतेकांना आइस्क्रीममधूनच माहीत असते, पण १९३०च्या दशकात केनियातील स्कॉट लॅबोरेटरीज या संशोधन संस्थेत निवडलेल्या एसएल२८ या वाणात ती धारदार, रसाळ आंबट चव खरोखर येते आणि ती आंबवण्यातून आलेली वाटत नाही. चिकमगळूरच्या मळ्यांतून येणाऱ्या नॅचरल कॉफीमध्ये मला सिलेक्शन ९ हे वाण आवडले. त्याच्या पूर्वजांत इथिओपियाचे तफारिकेला आहे, हे चवीतही कळते. हवाबंद टाक्यांत आंबवलेल्या, ॲनएरोबिक म्हणून विकल्या जाणाऱ्या कॉफीत मात्र फळ इतके पुढे येते की पहिला कप चकित करतो आणि दुसरा संपवणे जड जाते. काही पाकिटांत तर वाइनचा उग्र दर्पच उरतो.

रोस्ट झाल्यानंतर दोन आठवडे थांबून पाकीट उघडावे, त्याआधी चव कोंडलेली वाटते; उघडल्यावर तीनेक आठवड्यांत बेरीचा वास ओसरतो आणि उरते ती एक चांगली, गोडसर कॉफी. म्हणून मी आता २५० ग्रॅमपेक्षा मोठे पाकीट मागवत नाही, आणि रोजच्या दुसऱ्या कपासाठी देशी वॉश्ड कॉफी ठेवतो.