जाम इंजिन: भिजत घालायचं की खोलायचं?

दहा-बारा पावसाळे पडवीत काढलेली गाडी. किकवर पाय दिला तर किक जागची हलत नाही. अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, स्पार्क प्लगच्या भोकातून तेल सोड, आठ दिवस थांब, आपोआप सुटेल. दुसरा म्हणतो, कशाला वेळ घालवतोस, सरळ हेड-ब्लॉक (इंजिनचं वरचं झाकण आणि सिलिंडर) काढ. दोघेही खरं बोलतात, फक्त आपापल्या गाडीबद्दल.

आधी इंजिनच जाम आहे ना, ते बघा. न्यूट्रलमध्येही मागचं चाक फिरत नसेल तर ब्रेक शू चिकटले असतील. प्लग काढून टॉप गिअर टाका. आता चाक तटतं आणि क्लच दाबला की फिरतं, म्हणजे अडलंय इंजिनच. किकवर उभं राहून उड्या मारू नका आणि दुसऱ्या गाडीला दोर बांधून ओढू नका. किकच्या गिअरचे दात गेले की खर्च वाढला.

आता हिरो होंडा सीडी १०० घ्या. फोर-स्ट्रोक, खाली चेंबरमध्ये ऑइल, त्यामुळे क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा खालचा दांडा) आणि बेअरिंगांवर थोडातरी तेलाचा हात राहिलेला असतो. अडतं ते बहुतेक वेळा वर, पिस्टनभोवतीच्या रिंगा आणि सिलिंडरच्या आतली लोखंडी नळी (स्लीव्ह) यांच्यामधल्या गंजात. आणि इथे खोलायचं म्हणजे टायमिंग चेन, व्हॉल्व्ह, पॅकिंग असं सगळं लचांड मागे लागतं. म्हणून आधी भिजवा.

डिझेल आणि एटीएफ (पॉवर स्टिअरिंगचं लाल तेल) अर्धं-अर्धं. पण या गाडीचा सिलिंडर जवळजवळ आडवा असतो, हे कुणी सांगत नाही. तेल खालच्या अंगाला साचतं आणि रिंगांची वरची बाजू कोरडीच राहते. आमच्या काकांच्या गाडीत पाच दिवस नुसतं तेल ओतत बसलो होतो. मग पेट्रोल आणि बॅटरी काढली, पुढचं चाक ओट्यावर चढवलं, तेव्हा कुठे तेल पिस्टनवर नीट उभं राहिलं. बुलेटसारखा उभा सिलिंडर असेल तर हा उपद्व्याप नको. दुसऱ्या दिवशी पातळी उतरली असेल तर बरं लक्षण: तेल रिंगांमधून वाट काढतंय.

मग टॉप गिअरमध्ये चाक हातानेच मागेपुढे. मॅग्नेटच्या (क्रँकच्या टोकाला बसवलेल्या चाकाच्या) नटाला पाना लावलात तर फक्त आवळायच्या दिशेने, नाहीतर इंजिनऐवजी नटच सुटतो. सूतभर हललं की जिंकलात. सुटल्यावर चेंबरचं ऑइल बदलायचंच, कारण डिझेल खाली गेलेलं असतं.

यामाहाच्या टू-स्ट्रोक आरएक्स १०० चं गणित उलटं. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या खालच्या चेंबरमध्ये, ऑइल भरलेलं नसतंच. क्रँकच्या बेअरिंगांना तेल मिळतं ते पेट्रोलसोबत येईल तेवढंच, तेही गाडी चालू असताना. कोकणातली दमट हवा पोर्टमधून (सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांमधून) आत शिरते आणि गंज खालीही धरतो. नुसता पिस्टन सोडवून गाडी चालू केलीत तर गंजाचे कण थेट कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगमध्ये. आणि खोलायला आहे काय? ना हेडमध्ये व्हॉल्व्ह, ना टायमिंग चेन. सायलेन्सर, कार्बोरेटर, हेड, ब्लॉक. मी तरी टू-स्ट्रोक न खोलता कधीच चालू करणार नाही.

अर्थात खोललं म्हणून भिजवणं टळत नाही. पिस्टन ब्लॉकला चिकटलेला असतो, तो सुटल्याशिवाय ब्लॉक निघणार कसा? फक्त हेड काढल्यावर तेल थेट वरून ओतता येतं आणि लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके देता येतात. पिस्टन अगदी वरच्या किंवा खालच्या टोकाला असेल तर ठोकू नका, सगळा मार सरळ रॉडवर बसतो.

ब्लॉक हातात आला की आतून अंगठ्याचं नख फिरवा. नख कुठे अडकलं तर बोअर करावाच लागेल, म्हणजे सिलिंडर आतून कातून थोडा मोठा. नाही अडकलं तर होनिंग (आतली भिंत हलकी घासणं) आणि नव्या रिंगा. रॉड धरून वर-खाली खेचा. तिथे जरासुद्धा खेळ नको, बाजूला थोडा चालतो. आरएक्सचा मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिलिमीटरचा, पुढचा पिस्टन ०.२५ मिलिमीटर ओव्हरसाइज, म्हणजे तेवढा मोठा. तो आधी विकत घ्या आणि ब्लॉकसोबत बोअरवाल्याकडे न्या, म्हणजे तो पिस्टन मोजूनच बोअर मारेल.