ओव्हरक्लॉकिंग करताना कोणता आकडा खरा मानावा : व्हीआयडी, व्हीकोअर की डाय-सेन्स?

वेग वाढवलेल्या प्रोसेसरवर पूर्ण भार टाकून एचडब्ल्यूइन्फो हा सेन्सरांचे आकडे दाखवणारा प्रोग्रॅम उघडला, तर एकाच क्षणी व्हीआयडीपुढे १.३५, मदरबोर्डच्या व्हीकोअरपुढे १.३० आणि व्हीआर व्हीआऊटपुढे १.२२ व्होल्ट असे तीन आकडे दिसू शकतात. सेन्सर बिघडला असावा, अशी शंका अशा वेळी अनेकांना येते. प्रत्यक्षात हे तिन्ही आकडे वेगवेगळ्या जागचे असतात. व्होल्टेज वाढवायचे की उतरवायचे हे ठरवताना मात्र त्यांतल्या एकालाच प्रमाण मानावे लागते.

व्हीआयडी हे मोजमाप नव्हे. प्रोसेसर व्होल्टेज रेग्युलेटरकडे, म्हणजे त्याला व्होल्टेज पुरवणाऱ्या मदरबोर्डवरील परिपथाकडे, जी मागणी नोंदवतो, ती या रकान्यात दिसते. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगांत) व्होल्टेज स्थिर केले असेल, तर या मागणीचा प्रत्यक्ष पुरवठ्याशी संबंधच उरत नाही. कोअर टेम्पसारख्या प्रोग्रॅममध्ये व्हीआयडीच दिसत असल्यामुळे तेवढ्यावरून घाबरून जाण्याचे किंवा निर्धास्त होण्याचे कारण नाही. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसरांची झीज होण्यामागे अवाजवी व्होल्टेजची मागणी हे एक कारण असल्याचे निष्पन्न झाले आणि ऑगस्ट २०२४मध्ये आलेल्या ०एक्स१२९ या मायक्रोकोडने, म्हणजे प्रोसेसरच्या अंतर्गत सूचनांच्या सुधारित आवृत्तीने, १.५५ व्होल्टवरील मागणीला लगाम घातला. कोअर आय९-१४९००के स्वयंचलित व्होल्टेजवर चालवणाऱ्याने व्हीआयडीचा कमाल रकाना अवश्य पाहावा. मात्र एचडब्ल्यूइन्फो मूळ सेटिंगमध्ये दोन सेकंदांतून एकदाच वाचन घेते, त्यामुळे मधल्या काळातील क्षणिक उसळी त्यात सापडेलच असे नाही.

व्हीकोअर, म्हणजे कोअरांना मिळणारे व्होल्टेज, मोजण्याचे काम बहुतेक मदरबोर्डांवर न्यूव्होटॉन किंवा आयटीई या कंपन्यांची सुपर आय/ओ चिप (सेन्सर व पंखे सांभाळणारी चिप) करते. न्यूव्होटॉनच्या प्रचलित चिपांची मोजणी ८ मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी होते, म्हणून आकडा सलग न सरकता उड्या मारत बदलतो. त्याहून मोठी अडचण मोजणीच्या जागेची आहे. ही तार सॉकेटच्या आसपास कुठेतरी जोडलेली असते आणि तिथून सिलिकॉनपर्यंत पोहोचेतो सॉकेटच्या पिना व पॅकेज यांच्या रोधामुळे व्होल्टेज आणखी घटते. प्रवाह जितका जास्त, तितका हा फरक मोठा. म्हणजे नेमका पूर्ण भाराखाली हा आकडा प्रत्यक्षापेक्षा चढा दिसतो. त्यावर विसंबणारा माणूस व्होल्टेज पुरेसे असल्याचे समजून अस्थिरतेचे खापर रॅमवर फोडतो.

डाय-सेन्स (थेट प्रोसेसरच्या सिलिकॉनजवळचे मोजमाप) किंवा रेग्युलेटरचे स्वतःचे वाचन, म्हणजे व्हीआर व्हीआऊट, उपलब्ध असेल तर निर्णयासाठी तेच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. बायोसमध्ये १.३५ लिहिले असताना भाराखाली १.१९च्या आसपास दिसले, तरी तो दोष नसतो. १.१ मिलिओहमची लोडलाइन (प्रवाहासोबत व्होल्टेज किती उतरू द्यायचे याचे प्रमाण) आणि १५० अँपिअरचा प्रवाह यांचा गुणाकार १६५ मिलिव्होल्ट होतो आणि ही घट रचनेतच योजलेली असते. लोडलाइन कॅलिब्रेशन, म्हणजे ही घट कमी करणारी सेटिंग, अगदी वरच्या पातळीवर नेऊन ती पुसून टाकली, तर भार अचानक उतरताना व्होल्टेज क्षणभर ठरवलेल्या पातळीच्याही वर उसळते. ही उसळी ऑसिलोस्कोपवर दिसते, कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये नाही. म्हणून मधली पातळी ठेवून मूळ व्होल्टेज थोडे वाढवणे मला अधिक सुरक्षित वाटते.

एएमडीच्या एएम४ सॉकेटवर हेच स्थान 'एसव्हीआय२ टीएफएन' या रेग्युलेटरकडून येणाऱ्या वाचनाचे आहे. त्यातील व्होल्टेज विश्वासार्ह असते, वॅटबाबत मात्र सावध राहावे. काही मदरबोर्ड प्रोसेसरला प्रवाह कमी असल्याचे भासवतात, हे २०२०मध्ये उघड झाले आणि एचडब्ल्यूइन्फोत 'पॉवर रिपोर्टिंग डेव्हिएशन' हा ही तफावत दाखवणारा रकाना आला. मूळ सेटिंगवर, सर्व कोअरांवर पूर्ण भार असतानाच त्याला अर्थ आहे. हलक्या कामात रायझन १.४ ते १.५ व्होल्ट दाखवतो, ते एकदोन कोअरांच्या बूस्टसाठी असते आणि नेहमीचे आहे. तोच आकडा सर्व कोअरांवर भार असताना स्थिर दिसला, तर तो उतरवायलाच हवा. एएम५वर कोअरइतकेच एसओसी व्होल्टेजही (मेमरी नियंत्रकासारख्या कोअरबाहेरच्या भागांचे) तपासावे, कारण २०२३मध्ये रायझन ७ ७८००एक्स३डी जळण्याच्या घटनांनंतर त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घालण्यात आली.

तापमानात गोंधळ तुलनेने कमी आहे. इंटेलचा डिजिटल सेन्सर मुळात कमाल मर्यादेपासूनचे अंतर सांगतो. ही मर्यादा अनेक मॉडेलांत १०० अंश सेल्सिअस असते. मर्यादेजवळ हा सेन्सर भरवशाचा असतो, पण संगणक रिकामा असताना दोन कोअरांत पाच-सहा अंशांचा फरक दिसला तर त्यावरून कूलर पुन्हा बसवू नये. मदरबोर्डचे 'सीपीयू' तापमान बहुधा संथपणे बदलते. पंख्यांसाठी ते ठीक, निर्णयासाठी नाही. रायझन ७ १८००एक्सवर टीसीटीएल हा पंखे नियंत्रणासाठीचा आकडा खऱ्या तापमानाहून २० अंशांनी आणि २७००एक्सवर १० अंशांनी मुद्दाम वाढवलेला असे, तेव्हा तिथे टीडाय, म्हणजे खरे तापमान, पाहावे. रायझन ७ ७७००एक्स भाराखाली ९५ अंशांवर टेकतो ते रचनेनुसार. ७८००एक्स३डीची मर्यादा ८९ आहे. 'ऑक्सटीआयएन' या जादा तापमान-सेन्सराच्या रकान्यापुढे ११० किंवा उणे ६० दिसले, तर त्या पिनेला बहुधा काहीच जोडलेले नसते.

खोलीचे तापमान मात्र सोबत लिहून ठेवावे. एअर कूलरवर जानेवारीत ८० अंशांवर थांबणारा प्रोसेसर नागपूरच्या मे महिन्यात खोली पंधरा अंशांनी तापली की साधारण तितकाच वर जातो. इंटेलसाठी मग मर्यादा उंबरठ्यावरच आलेली असते.

प्रोग्रॅम निवडताना वाचनासाठी एचडब्ल्यूइन्फो आणि पडताळणीसाठी एएमडीचे रायझन मास्टर किंवा इंटेलचे एक्सटीयू अशी विभागणी सोयीची आहे. मात्र एका वेळी एकच चालू ठेवावा, कारण दोन प्रोग्रॅम एकाच चिपकडे एकदम विचारणा करू लागले की मधूनच अशक्य आकडे उमटतात. बायोसच्या पडद्यावरील वाचन या तुलनेत घेऊच नये, कारण तिथे ना पूर्ण भार असतो ना ऊर्जाबचत.

मल्टिमीटरचा उपयोग मी मर्यादित मानतो. महागड्या मदरबोर्डांवर मोजणीचे खास बिंदू असतात, तिथे तो उत्तम. ते नसताना सॉकेटच्या मागे टोके टेकवणे म्हणजे शॉर्ट होण्याला आमंत्रण. १२ व्होल्टच्या रेषेसाठी मात्र तोच निर्णायक ठरतो. सुपर आय/ओ चिप ही रेष विभाजकातून, म्हणजे व्होल्टेज ठरावीक प्रमाणात घटवून, मोजते आणि सॉफ्टवेअरमधील गुणक चुकला की १०.८सारखा भीतिदायक आकडा दिसतो. भार चालू असताना मोकळ्या मोलेक्स जोडाच्या पिवळ्या आणि काळ्या तारांमध्ये ११.४ ते १२.६ व्होल्ट मिळाले, तर पॉवर सप्लाय मानकाच्या मर्यादेत आहे आणि तो बदलण्याची गरज नाही.